जिचं दुखणं, तिला विचारा

आमच्या दवाखान्यात बाईला काय होतंय, हे तिच्या नवऱ्याला विचारायची पद्धत होती. सकाळी डॉक्टरांचा राउंड निघाला की बायकांच्या वॉर्डात प्रत्येक पलंगाच्या पायथ्याशी एकेक माणूस टोपी नाहीतर दुपट्टा हातात घेऊन उभा राहायचा. नवरा, नवरा नसेल तर सासरा, तोही नसेल तर दीर. पलंगावरची बाई डोक्यावरून पदर ओढून गप्प पडून असायची. डॉक्टर पायथ्याशी थांबून त्या माणसाला विचारायचे, "कैसी है?" तो काय सांगेल त्यावर औषध ठरायचं. जिच्यासाठी कुणीच पुरुष आलेला नसेल तिच्याबद्दल मला, म्हणजे नर्सला, विचारायचे. पोट दुखायचं बाईचं, आणि ते कसं दुखतंय हे सांगायचा तो, जो बाहेरच्या व्हरांड्यात बिडी ओढत बसलेला असायचा.

लोक याला मर्यादा म्हणायचे. मला तो शुद्ध मूर्खपणा वाटायचा, आणि माझ्या चेहऱ्यावर ते दिसायचंही.

हा दवाखाना हिंदी मुलखातल्या बालाघाट गावातला, पण सरकारी नव्हे. तांदळाच्या व्यापारात हात धुऊन घेतलेल्या काही मंडळींनी तो धर्मादाय म्हणून काढला होता. आता तो राहिलेला नाही. त्या जागी गोदाम आहे आणि त्यात धानाची पोती असतात. मी नागपूरला नर्सिंग शिकून आले आणि तिथे लागले, तेव्हा साठ ते सत्तरच्या मधली शेवटची वर्षं होती. आमच्या मोहल्ल्यातून पांढरी साडी नेसून कामावर जाणारी पहिली बाई मीच. एखाद्या पेशंटच्या सासूने माझ्या हातचं पाणी नको म्हणून तोंड फिरवलं, की मी तोच ग्लास तिच्या तहानलेल्या सुनेच्या तोंडाला लावायचे आणि पुढच्या पलंगाकडे जायचे. सून गटागटा प्यायची. तहान लागलेलं माणूस फार शहाणं असतं.

हा स्वभाव मी आईकडून घेतला. आई घरी बसून बिड्या वळायची आणि बाबा राइस मिलमध्ये हमाल होते. छप्पन साली दोघं नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले. परत आल्यावर आईने घरातले देव टोपलीत भरले आणि वैनगंगेवर गेली. बाबा काठावरच थांबले. आई गुडघाभर पाण्यात शिरली, टोपली उलटी केली, मग ती नीट धुतली आणि परत घेऊन आली, कारण टोपली चांगली होती. त्या टोपलीत पुढे आम्ही कितीतरी वर्षं कांदे ठेवायचो.

तर या बाईला कॅन्सर झाला. गर्भाशयाच्या तोंडाशी होता. नागपूरच्या मोठ्या डॉक्टरांनी तपासलं आणि सांगितलं की आता फार उशीर झाला, घरी न्या. मी तिला घरी नेलं नाही, माझ्या वॉर्डात आणलं आणि खिडकीजवळच्या पलंगावर ठेवलं.

दुखणं कमरेतून निघायचं आणि मांडीत उतरायचं. मला ते दिसायचं, कारण मी तिची मुलगीही होते आणि नर्सही. पायाचा अंगठा चादरीत रुतवलेला असायचा. वरच्या ओठावर घाम असायचा. बोलता बोलता ती एका शब्दावर थांबायची, डोळे मिटायची, आणि ते ओसरलं की पुढचा शब्द बोलायची, जणू मधे काही झालंच नाही. पण तोंडातून हूं की चूं नाही.

औषध नव्हतं असं मुळीच नाही. मॉर्फियाच्या कुप्या आमच्या कपाटात होत्या. कपाटाला कुलूप होतं आणि चावी डॉक्टरांच्या खिशात. ऑपरेशनच्या पेशंटना ते इंजेक्शन मिळायचं, आणि जो ओरडून ओरडून वॉर्ड डोक्यावर घेईल त्याला मिळायचं. आई ओरडत नव्हती, आणि पायथ्याशी उभे असलेले बाबा तर तिच्या गप्प राहण्याचं कौतुक करायचे.

"ठीक है साहेब," बाबा त्यांच्या हिंदीत सांगायचे. "लय सोसनेवाली बाई है. मुँह से आवाज नहीं निकालती."

"बहुत अच्छा," डॉक्टर म्हणायचे आणि पुढच्या पलंगाकडे वळायचे. आईला रोजच्या साध्या गोळ्या मिळायच्या. पायावर झाड कोसळलेल्या माणसाला हळदीचा लेप लावावा, तसल्या त्या गोळ्या.

आईच्या शेजारच्या पलंगावर एका धान्यदलालाची बायको होती. तिचं पित्ताच्या खड्यांचं ऑपरेशन झालं होतं. ती ओरडायची, आणि काय ओरडायची! तिच्या 'अरी मैया'ने बाहेरच्या टांग्याचा घोडासुद्धा कान टवकारत असेल. तिला सुई मिळायची, मग तास-दोन तास ती आनंदात गप्पा मारायची. मनाने फार मोकळी बाई. एकदा तिने आईला जवळचं गुपित सांगावं तसं सांगितलं, "बाई, तुम भी चिल्लाओ ना. मैं तो जितना दुखता है उससे थोड़ा ऊपर ही चिल्लाती हूँ." आई हसली. हसताना कमरेत कळ आली तरी हसत राहिली.

दुसऱ्या एका दिवशी तीच बाई आईकडे बघून हळहळली, "पिछले जनम का भोग है बाई, और क्या."

"मागचा जनम मी देवाइसंगं नदीत सोडून आली, बाई," आई म्हणाली. "आता जे दुखून राह्यलं ते याच जनमातलं हाय. त्याले औषध बी याच जनमात पाह्यजे."

दलालाच्या बायकोला ते कळलं की नाही कोण जाणे. ती "हाँ हाँ" म्हणाली आणि तिने आईला मोसंबं सोलून दिलं.

मी डॉक्टरांच्या खोलीत गेले. डॉक्टर जबलपूरकडचे, चाळिशीतले, ऑपरेशनात हात चांगला. माणूस वाईट नव्हता. हे मी मुद्दाम सांगते आहे, कारण वाईट माणसाशी भांडणं फार सोपं असतं.

"साहब, खिड़कीवाली को बहुत दर्द है. उसे मॉर्फिया दीजिए."

"उसका आदमी तो कहता है ठीक है."

"आदमी को क्या मालूम?"

"दर्द होता तो चिल्लाती, सिस्टर. और देखो, ये मेहनत-मजूरी वाली औरतें हैं, इनको सहने की आदत होती है. मॉर्फिया की आदत पड़ गई तो क्या करोगी?"

माझ्या डोक्यात तिडीक गेली. सहन करायची सवय यांना चालते, औषधाची तेवढी चालत नाही! जी बाई येता पोळा बघेल की नाही याची खात्री नाही, तिला सवय लागून लागून किती दिवसांची लागणार होती? मी हे त्यांना तोंडावर विचारलं, आणि आवाजही खाली ठेवला नाही.

डॉक्टरांनी चष्मा काढला. "तुम यहाँ नर्स हो या बेटी?"

"दोन्ही," मी मराठीतच म्हणाले आणि बाहेर आले. दार मी आपटलं नाही. ते आपोआप आपटलं, त्याची स्प्रिंगच तशी होती. पण मला बरं वाटलं.

दुपारी मी आईचे केस विंचरत होते. वॉर्ड जरा शांत होता.

"माय," मी म्हटलं, "उद्या डॉक्टर आला का वरड."

"काहून?"

"वरडली का सुई देते तो. तू गप्प राह्यतं, त्याले वाटते दुखत नाही."

"म्हंजे वरडून दाखवू?"

"हौ. खोटं खोटं वरड."

"खोटं काहून? दुखते ते खरंच हाय." ती थांबली. अंगठा चादरीत गेला, डोळे मिटले, उघडले. "पन आयक. मी लहान होती तवा गावात पाटलाच्या आंगनात आमाले उन्हात उभं ठेवत. कोनी रडलं का सारे हसत. तवापासून मी कोनासमोर रडली नाही. तुह्या जनमाच्या येळले जीव जाऊन राह्यला होता, तवा बी नाही. आता मरता मरता एका सुईसाठी रडू?"

"मंग सुई भेटनार नाही."

"काहून भेटनार नाही? त्याले तोंड हाय ना? मले इचारू दे. मी सांगीन."

मला तिचा भयंकर राग आला. एवढं साधं काम, सकाळी एकदा किंचाळायचं, आणि दिवसभर सुख. तेवढंही या बाईला जमू नये? मी कंगवा पलंगावर आपटला आणि मलाच रडू फुटलं.

"तू कायले रडतं?" आई म्हणाली. "दुखते तं मले."

राग उतरायला संध्याकाळ झाली. मग हळूहळू लक्षात यायला लागलं की हट्ट तिचा नाही, हट्ट तर आमच्या दवाखान्याचा आहे. जखम असली की आम्ही ती उघडून बघतो, ताप असला की थर्मामीटर लावतो. आणि दुखणं असलं की म्हणतो, आधी तमाशा करून दाखव. जिला तमाशा जमतो तिला औषध, आणि जिने जन्मभर लोकांना आपला तमाशा करू दिला नाही तिला गोळी. हा कुठला न्याय? आई सुई मागत होतीच. ती फक्त भीक मागायला तयार नव्हती.

दुसऱ्या दिवशी बाबांना घेऊन मी फाटकाबाहेरच्या चहाच्या टपरीवर गेले. मनात होतं, यांना चांगलं फैलावर घ्यायचं.

"बाबा, तुमी डॉक्टरले रोज 'ठीक है' काहून म्हनता? तिचं दुखनं तुमाले दिसत नाही का?"

बाबा बशीतल्या चहाकडे बघत राहिले. "दिसत नाही? तिचा अंगठा मी रोज पाहून राह्यलो."

"मंग?"

"दुखते म्हनलं तं घरी न्या म्हनतीन. पलंग जाईन तिचा."

मला मिलचं दार आठवलं. मिलमध्ये मुकादम सकाळी दारात उभा राहून हमालांना विचारायचा, कसं काय? ज्याने कंबर धरली म्हणून सांगितलं, त्याला दुसऱ्या दिवशी आत बोलावत नसत. त्यामुळे सगळे हमाल सगळ्या सकाळी ठीक असायचे. गुडघा सुजून भोपळा झाला तरी बाबा मुकादमाला 'ठीक है' म्हणून पोती उचलत आलेले मी पाहिलं होतं. मिलच्या दारात शिकलेलं तेच उत्तर ते माझ्या वॉर्डात देत होते, आणि तेही तिला वाचवायला. आणि त्यांची भीती काही उगाच नव्हती. ज्याचा आजार बरा होणार नाही त्याला आमचा दवाखाना खरंच गोड बोलून घरी पाठवायचा. बाबा अडाणी, पण दवाखाना त्यांनी बरोबर ओळखला होता.

मी त्यांना फैलावर घेतलं नाही. सांगितलं, "बाबा, गोळीनं तिचं काही होत नाही. अशा पलंगाचा काय उपेग? काढलं तं काढलं, मी पाहून घेईन. पन तिचं तिले बोलू द्या. तिची तेवढीच इच्छा हाय."

त्यांनी हौ म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. चहा संपवला आणि कपबशी स्वतः विसळून ठेवली.

पुढच्या सकाळी राउंड आला. डॉक्टर खिडकीजवळच्या पलंगाच्या पायथ्याशी थांबले. बाबा टोपी हातात घेऊन उभे होतेच.

"हाँ, कैसी है?"

बाबा बोलले नाहीत. डॉक्टरांनी वर पाहिलं. "अरे, कैसी है?"

"मले नाही ठाऊक, साहेब," बाबा म्हणाले. "तिलेच इचारा." आणि ते पायथ्यापासून बाजूला झाले, थेट भिंतीला जाऊन टेकले. आयुष्यात पहिल्यांदा या माणसाने कुठल्या साहेबाला उत्तर द्यायचं नाकारलं होतं. मला त्यांना तिथेच मिठी मारावीशी वाटली.

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. पद्धतीप्रमाणे आता मी सांगायचं होतं. मी खिडकीबाहेर बघायला लागले. शेजारच्या पलंगावर दलालाची बायकोसुद्धा चक्क गप्प होती. पायथ्याशी कुणीच नव्हतं. मग डॉक्टरांपुढे काही उपाय राहिला नाही. ते पलंगाला वळसा घालून आईच्या उशाशी आले.

"हाँ बाई. दर्द है क्या?"

आईने तोंडावरचा पदर बाजूला केला. "है," ती म्हणाली. साधा, सरळ आवाज, बाजारात भाव सांगावा तसा. "कमर में से निकलता है, जाँघ में उतरता है. सुबह से चालू रहता है. कभी कभी ऐसा आता है के बोलना सूझता नहीं. गोली से कुछ नहीं होता."

"तो बोली क्यों नहीं?"

"तुमने पूछा कब?"

डॉक्टरांचा चेहरा लाल झाला. मला वाटलं, गेली माझी नोकरी. पण ते तिथेच उभे राहिले आणि मग स्टूल ओढून बसले. त्यांनी तिला सगळं सांगितलं. हे इंजेक्शन घेतलं की झोप येईल, डोकं जड होईल, शौचाला त्रास होईल, पुढे जास्त जास्त लागेल. आणि आजार याने बरा होणार नाही.

"बीमारी का मेरे को मालूम है," आई म्हणाली. "दर्द का बोलो. दर्द बंद होता क्या?"

"होता है."

"तो दो."

डॉक्टरांनी सवयीने भिंतीशी उभ्या बाबांकडे नजर टाकली. आईने ते पाहिलं. "उनके तरफ मत देखो. जीव मेरा है."

त्यांनी खिशातून चावी काढून मला दिली. आईला ते इंजेक्शन मीच दिलं. थोड्या वेळाने तिच्या कपाळावरच्या आठ्या एकेक करून गेल्या आणि ती झोपली. झोपेत ती केवढी तरुण दिसत होती! मी तिचा हात धरून बसले होते, आणि आनंदापेक्षा मला संताप जास्त येत होता. एवढंच करायचं होतं. एवढ्यासाठी तिला इतके दिवस दात आवळायला लावलं.

जागी झाल्यावर तिने सुकटीची चटणी मागितली. बाबांनी घरून करून आणली. वॉर्डभर वास सुटला. दलालाच्या बायकोने नाकाला पदर लावला आणि पदराआडून हसत राहिली.

त्यानंतर सुई कधी हवी ते आई सांगायची. एकदा तिच्याबरोबर बिड्या वळणाऱ्या बाया भेटायला येणार होत्या, तर डॉक्टर सुई द्यायला तयार असताना तिने नाही म्हटलं. "आज नोको. आज मले जागी राहून हासाचं हाय." त्या गेल्यावर घामाने चिंब झालेली होती, आणि तेव्हा म्हणाली, "हं, आता दे." डॉक्टरांना हे नवीन होतं. हवी तेव्हा हवी म्हणणारी आणि नको तेव्हा नको म्हणणारी. सवय लागलेलं माणूस असं वागतं का, हे मी त्यांना विचारलं नाही. विचारायची गरजच नव्हती.

पद्धत मात्र एका दिवसात मोडत नसते. आईला विचारून झालं की डॉक्टर पुढच्या पलंगाच्या पायथ्याशीच थांबायचे. मी म्हणायचे, "साहब, उधर नहीं, इधर से." ते डोळे वटारायचे. मी उशाशी स्टूल सरकवून ठेवायचे आणि हलायचे नाही. काही नवरे चिडले. बैहरकडून बायकोला घेऊन आलेल्या एकाने मला बेशरम म्हटलं. मी म्हटलं, हौ, आहे. त्याच्या बायकोने त्या दिवशी पहिल्यांदा सांगितलं की दुखतं ते पोट नव्हे, छाती.

बाबांची भीतीही खरी ठरली. दवाखान्याचे मॅनेजर एका सकाळी राउंडबरोबर आले. त्यांनी आईकडे पाहिलंसुद्धा नाही. बाबांना म्हणाले, "इसका तो कुछ इलाज है नहीं. घर ले जाओ, पलंग खाली करो."

बाबांच्या हातातली टोपी गळून पडली. ती त्यांनी उचलली, झटकली आणि म्हणाले, "तिले इचारा."

"उससे क्या पूछना?"

"मैं नहीं जाती," आई पलंगावरून म्हणाली. "घर में दर्द बंद नहीं होता. यहाँ होता है. दवाखाना और कायके वास्ते रहता?"

"पलंग खाली करना है तो पहले मुझे निकालिए," मी म्हटलं.

मॅनेजर डॉक्टरांकडे वळले. "आप बताइए, इलाज है क्या इसका?"

डॉक्टरांनी आईच्या अंगावरच्या चादरीकडे पाहिलं. मग म्हणाले, "इलाज चल रहा है. दर्द का इलाज चल रहा है." आणि पुढच्या पलंगाकडे गेले. त्या माणसाबद्दल माझ्या मनात जी काही अढी होती, ती या एका वाक्याने निम्मी गेली. बाकीची निम्मी मी अजून ठेवली आहे, कारण त्याआधीचे दिवस मला कुणी परत दिले नाहीत.

आई त्याच पलंगावर राहिली. शेवटी शेवटी ती फार बोलायची नाही. बाबा आता तिच्या उशाशी बसायचे. शेवटच्या सकाळी खिडकीतून ऊन तिच्या पांघरुणावर आलं होतं आणि रस्त्यावर किरनापूरच्या बसचा कंडक्टर सवाऱ्या गोळा करत ओरडत होता. डॉक्टर आले. ते पायथ्याशी थांबले नाहीत. वाकून, तिच्या कानाशी तोंड नेऊन त्यांनी विचारलं, "बाई, दर्द है?"

आईने लगेच उत्तर दिलं नाही. अंगात कुठे काही दुखतंय का, हे ती नीट चाचपून पाहत असावी.

"नाही," ती म्हणाली.

त्या पलंगावरून कितीतरी सकाळी 'ठीक है' असं उत्तर गेलं होतं. त्यातलं हे पहिलं खरं 'ठीक है', आणि ते तिने स्वतः दिलं.